जळण फोडण्याचे हत्यार : निवड आणि निगा

कोल्हापूर जिल्ह्याच्या नदीकाठच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाच्या चुलवाणाला उसाचे चिपाड पुरते. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगराळ तालुक्यांत मात्र लाकूड हेच जुने जळण. मृगापूर्वी पडवीत फोडलेल्या, वाळलेल्या लाकडांची रास लागली नाही, तर पावसाळा धुरात काढावा लागतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी वाडीवस्तीवर गेली. तरीही आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि लग्नकार्यातील मोठा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच.

हे जळण फोडावे कशाने, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण घरातील एकच कुऱ्हाड झाड तोडण्यास, फांद्या साळण्यास आणि ओंडके फोडण्यासही वापरली जाते, आणि वाया जाणाऱ्या कष्टांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. तोडणे म्हणजे लाकडाचे तंतू आडवे छेदणे. त्यासाठी पाते पातळ हवे. फोडणे म्हणजे तेच तंतू एकमेकांपासून अलग करणे. हे काम धारेपेक्षा पात्याच्या फुगीर गालांचे आहे. पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते, त्याला उकलत नाही. मग ती हिसके देऊन काढताना दांडा मोडतो, नाहीतर पाते निसटून पायावर येते.

जितके हत्यार जड तितके चांगले, ही समजूत बहुधा पुरुषी बढाईतून आली असावी. घावाचा जोर वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चार किलोचे हत्यार ज्याला वेगाने फिरवता येत नाही, त्याला त्या वजनाचा लाभ नाही. आणि जळण फोडणारे हात अनेक घरांत स्त्रीचे किंवा वृद्धाचे असतात. त्यांच्यासाठी दीड-दोन किलोचे, जाड गालांचे पाते पुरेसे आहे. दुकानात ते नुसते हातात तोलून पाहू नये. ज्याला वापरायचे आहे त्याने आठ-दहा वेळा उचलून पाहावे.

गाठीचा, वेड्यावाकड्या तंतूंचा बाभळीचा बुंधा याही पात्याला दाद देत नाही. तेथे पाचर आणि घण हवेत. ओतकामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरचे नाव दूरवर झाले आहे. तथापि पाचर ओतीव बिडाची घेऊ नये. बीड ठिसूळ असते, घणाखाली त्याचे तुकडे उडतात. पाचर घडीव पोलादाची असावी. ठोकून ठोकून तिचा माथा छत्रीसारखा पसरला की कडा कानशीने काढून टाकाव्यात, कारण त्या कडांचे कण डोळ्यात जाऊ शकतात. कुऱ्हाडीच्या माथ्याने पाचर ठोकणे ही तर सरसकट दिसणारी चूक. त्याने नेढे फाकते.

गावातील लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून उत्तम कुऱ्हाड घडवतो. मात्र काम फोडण्याचे आहे हे त्याला आधी सांगावे. म्हणजे तो गाल जाड ठेवील आणि धारेला बेताचे पाणी देईल. फार कडक धार गाठीवर उडते. दांडा धामणीचा मिळाल्यास उत्तम, कारण ते लाकूड चिवट व लवचिक असते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण तोच गाठाळ लाकडाचा निघाला, तर वापरणाऱ्यासच काळ ठरतो.

घण आणि दोन पाचरी प्रत्येक घरी असण्याची गरज नाही. दूरच्या धनगरवाड्यावर असा एक संच सामाईक ठेवता येईल. ग्रामपंचायतीने याचा विचार करावा. ओंडका मात्र जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या थोडा खाली येईल अशा रुंद ठोकळ्यावर ठेवावा, म्हणजे चुकलेला घाव पायावर न येता ठोकळ्यावर पडतो.

उन्हाळ्यात दांडा आकसतो आणि पाते सैल होते. ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले की घट्ट वाटते, पण वाळताच पुन्हा ढिले पडते. नेढ्यात वरून सुक्या लाकडाची नवी पाचर ठोकून घ्यावी आणि मगच पहिला घाव घालावा.