राजा, सम्राट आणि त्यांची वंशावळ
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला पेंग्विन या दूरदेशीच्या पक्ष्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर मिळते. लोकलने भायखळ्याला उतरले की जवळच राणीची बाग आहे. तेथे 2016 च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सेऊल शहरातून आठ पेंग्विन आणले गेले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. 2017 च्या मार्चपासून बाकीचे लोकांना पाहायला खुले झाले. दुसरे उत्तर मुलांच्या दप्तरात आहे. 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, दुसऱ्या भागात, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आणि 'प्राण्यांचे वर्गीकरण' हे दोन्ही विषय आहेत. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. त्या धड्यांमागचा विचार मात्र विसरण्यासारखा नाही. तो समजावून घेण्यासाठी मी पेंग्विनांची मदत घेतो आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, राणीच्या बागेतले पेंग्विन हे 'मोठे' पेंग्विन नव्हेत. ते हंबोल्ट जातीचे. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती असते. उंची दोन फुटांहून थोडी अधिक, वजन चार किलोच्या आसपास. बर्फाशी त्यांचा संबंध नाही. आज पेंग्विनांच्या साधारणपणे अठरा जाती मानतात आणि त्या सहा प्रजातींत विभागतात. या सहांपैकी अप्टेनोडायटिस नावाच्या प्रजातीत दोनच जाती आहेत, आणि त्याच सर्वांत मोठ्या. एक राजा पेंग्विन, सुमारे तीन फूट उंचीचा. दुसरा सम्राट पेंग्विन, जवळजवळ चार फूट उंचीचा आणि भरात असताना चाळीस किलोपर्यंत भरणारा.

दोघांचे रूप इतके सारखे की पूर्वीच्या लोकांनी त्यांना एकच मानले. 1778 साली मिलर या इंग्रज चित्रकाराने राजा पेंग्विनला शास्त्रीय नाव दिले. सम्राट ही निराळी जात आहे हे ठरायला पुढे सहासष्ट वर्षे लागली. 1844 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज ग्रे यांनी तिला वेगळे नाव दिले. उलट बाजूने पाहा. राजा पेंग्विनच्या पिलाच्या अंगावर दाट तपकिरी लोकर असते. ते पिलू आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. जुन्या दर्यावर्दींना ती पेंग्विनांची निराळीच जात वाटली होती! म्हणजे दोन जातींना एक मानले, आणि बाप-लेकाला दोन जाती मानले. नुसत्या रूपावरून ठरवू गेले की असे होते.

याहून मोठा घोटाळा नावाचाच आहे. 'पेंग्विन' हे नाव मुळात दक्षिणेकडच्या या पक्ष्याचे नव्हेच. उत्तर अटलांटिक समुद्रात ग्रेट ऑक नावाचा एक मोठा पक्षी होता. पाठ काळी, पोट पांढरे, उडता येत नाही, पाण्यात मात्र तरबेज. दर्यावर्दी त्याला पेंग्विन म्हणत. पुढे दक्षिण समुद्रात तसाच दिसणारा पक्षी आढळला, तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटले. वास्तविक दोघांचे नाते फार दूरचे. ऑकचे गोत समुद्रपक्ष्यांपैकी कुरव पक्ष्यांच्या बाजूचे, तर पेंग्विनांचे जवळचे नातलग अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे उत्तम उडणारे पक्षी. थंड पाण्यात बुडी मारून मासे धरायचे, हा धंदा दोघांचा सारखा. म्हणून अंगाची घडण सारखी झाली. धंद्याच्या सारखेपणाने रक्ताचे नाते सिद्ध होत नाही. तो ग्रेट ऑक आज नाही. आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर त्याची शेवटची जोडी 1844 च्या जून महिन्यात मारली गेली. सम्राट पेंग्विनला त्याचे स्वतःचे नाव मिळाले ते याच वर्षी.

मग नाते ठरवायचे कशावरून? तीन प्रकारचे साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार राहणीचा. राजा आणि सम्राट दोघेही घरटे बांधत नाहीत. एकच अंडे घालतात, ते पावलांवर घेतात आणि पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकतात. इतर पेंग्विन असे करीत नाहीत. दोघे एका प्रजातीचे, याची ही मोठी खूण. पण फरकही ध्यानात घ्या. राजा पेंग्विनमध्ये नर-मादी पाळीपाळीने अंडे सांभाळतात आणि त्यांची वस्ती बर्फ नसलेल्या बेटांवर असते. सम्राट भर हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर, अंटार्क्टिकातच अंडे घालतो. मादी अंडे नराच्या स्वाधीन करून समुद्रावर जाते आणि बाप सुमारे दोन महिने, अन्नाचा कणही न घेता, अंधारात उभा राहून ते उबवतो.

दुसरा साक्षीदार दगडातल्या हाडांचा. येथे काळाचे माप नीट समजले पाहिजे, म्हणून आपल्या गावापासूनच सुरुवात करू. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख इ. स. 1060 चा. आपल्याला ते मंदिर फार जुने वाटते. पण ज्या काळ्या दगडाचे ते बांधले, आणि ज्या दगडाचा मलंगगडाचा कडा आहे, तो दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हारसाचा आहे. आजवर मिळालेली पेंग्विनांची सर्वांत जुनी हाडे त्यानंतर सुमारे पन्नास लाख वर्षांची, म्हणजे सुमारे 6 कोटी 10 लाख वर्षांपूर्वीची आहेत. न्यूझीलंडमध्ये सापडलेला हा पक्षी, नाव वायमानू. तो त्या वेळीही उडत नव्हता.

त्यानंतर खरे अजस्र पेंग्विन झाले. 1859 साली टॉमस हक्सली यांनी न्यूझीलंडहून आलेल्या पायाच्या एकाच हाडावरून एका मोठ्या लुप्त पेंग्विनचे वर्णन केले. 2023 साली त्याच देशातल्या कुमिमानू नावाच्या पेंग्विनचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे वजन सुमारे दीडशे किलो असावे असा अंदाज आहे. म्हणजे आजच्या तीन-चार सम्राटांइतका एक! ही अजस्र मंडळी नाहीशी झाली. समुद्रात सील आणि दातांचे देवमासे वाढले आणि त्यांच्याशी स्पर्धेत ती टिकली नाहीत, असा एक तर्क आहे. मात्र सम्राट मोठा आहे म्हणून तो या अजस्रांचा थेट वारस ठरत नाही. मोठे शरीर पेंग्विनांच्या कुळात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या शाखांत आले.

तिसरा साक्षीदार पेशीतल्या डीएनएचा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ सर्व जिवंत जातींचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर ताडून पाहिला गेला. त्यावरून दिसले की, आजच्या पेंग्विनांच्या झाडाची सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी राजा आणि सम्राट यांची आहे.

आता एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. सम्राट हा सर्वांत आदिम पक्षी असून त्याच्या अंड्यातल्या गर्भात पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचा दुवा दिसेल, अशी शंभर वर्षांपूर्वी काही शास्त्रज्ञांची समजूत होती. ती तपासण्यासाठी 1911 च्या जून महिन्याच्या अखेरीस विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे अंटार्क्टिकाच्या अखंड काळोखात, शून्याखाली साठ अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत, स्लेज ओढत केप क्रोझिअरला गेले. पाच आठवड्यांनी ते तीन अंडी घेऊन जिवंत परतले. विल्सन आणि बॉवर्स पुढे 1912 मध्ये स्कॉट यांच्याबरोबर मरण पावले. अंडी लंडनच्या संग्रहालयात पोचली. 1934 मध्ये अहवाल आला. त्या गर्भांवरून अपेक्षित पुरावा मिळाला नव्हता.

मग ते श्रम वाया गेले काय? मी म्हणेन, नाही. समजूत कितीही आवडती असली तरी पुराव्यापुढे उभी करायची, आणि पुरावा नाही म्हणाला तर सोडून द्यायची, ही विज्ञानाची शिस्त आहे. तिच्यासाठी माणसांनी प्राण पणाला लावले. आपण निदान धडा समजून वाचू या.

या वर्गीकरणाने जगण्या-मरण्याचाही प्रश्न ठरतो. राजा आणि सम्राट एकच मानले असते तर बेटांवरचे राजांचे थवे पाहून आपण निश्चिंत राहिलो असतो. पण सम्राटाला पिले वाढवायला टिकाऊ समुद्री बर्फ लागतो. 2022 च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला. त्या भागातल्या पाच ज्ञात वसाहतींपैकी चार वसाहतींतली पिले, अंगावर पाणी न शोषणारी पिसे येण्यापूर्वीच नष्ट झाली असावीत, असे उपग्रहाच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी सांगितले. ज्याला वेगळे नाव मिळते, त्याचे दुःखही वेगळे मोजता येते.

शेवटी पालकांना एक विनंती. आपणही घरात वर्गीकरण करतो. हा हुशार, तो ढ. ही विज्ञानाची, ती शिवणकामाची. चौथी-पाचवीच्या गुणांवर मारलेला शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही. पेंग्विनांच्या शास्त्रज्ञांनी अडीचशे वर्षांत आपली यादी अनेकदा दुरुस्त केली, कारण नवा पुरावा आला. तपकिरी लोकरीचे पिलू पुढे राजा होते, हे लोकांना कळले ते त्याला वाढताना पाहिल्यावरच. आपल्या मुलामुलींच्या बाबतीत तेवढा धीर आणि तेवढा खुलेपणा आपण ठेवावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, राणीच्या बागेत जाल तेव्हा वही घेऊन जा. काचेपलीकडच्या पक्ष्याची चोच, पंख आणि चाल नीट पाहा. हा पक्षी कोणाचा नातलग, हे आपण कशावरून म्हणतो, असा प्रश्न लिहून आणा आणि आपल्या शिक्षकांना विचारा. खुदा हाफिज.