मंडळाचा कॅमेरा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. चार व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या सांगते.

मंडळाने वर्गणीतून एक लहान डिजिटल कॅमेरा घ्यावयाचे ठरविले आहे. आजवर आपले फोटो कोणाच्या तरी मुलीच्या फोनमध्ये राहत आले. मुलगी सासरी गेली की आपली मंगळागौरही तिच्याबरोबर जाते! आता कॅमेरा मंडळाच्या कपाटात राहील. पण तो आपल्यापैकी प्रत्येकीला हाताळता आला पाहिजे.

हल्लीच्या बहुतेक लहान कॅमेऱ्यांना पाठीमागे नुसता पडदा असतो. तो पाहण्यासाठी कॅमेरा लांब धरावा लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणींना चाळिशी लागली आहे. सहलीच्या उन्हात पडद्यावर समोरच्या बायका दिसण्याऐवजी आपलाच चेहरा दिसतो. शिवाय लांब धरलेला हात हलतो, तो निराळाच.

काही कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहण्याची काचेची खिडकी असते. तिला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर म्हणतात. डोळा लावला की उन्हाचा त्रास नाही, कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरे अंगाशी येतात आणि हात स्थिर राहतो. पडदा बंद ठेवला तर बॅटरीही जास्त पुरते. कित्येकांत खिडकीजवळ एक बारीक चाक असते. ते फिरवून आपल्या नजरेशी जुळवून घेता येते.

पण खिडकीतही उणेपण आहे. ती भिंगाच्या जरा बाजूला असते. दूरच्या माणसांच्या फोटोत ते जाणवत नाही. जवळची रांगोळी मात्र खिडकीत पुरी दिसते आणि फोटोत तिची कड कापली जाते. कॅननच्या २०१३ सालच्या पॉवरशॉट जी-१६ च्या खिडकीत तर फोटोचा साधारण चार-पंचमांश भागच दिसतो. म्हणून रांगोळी, भरतकाम, फराळाचे ताट हे पडद्यावर पाहूनच टिपावे.

सोनीच्या २०१४ सालच्या आरएक्स-१०० च्या तिसऱ्या आवृत्तीत वर उचलली जाणारी खिडकी आहे. तिच्या आत चिमुकला पडदा असतो. भिंगाला दिसते तेच तिच्यात दिसते, म्हणून काही कापले जात नाही. मात्र तिला बॅटरी लागते. फुजीच्या २०२५ सालच्या एक्स हाफला काचेची खिडकी आहे, पण झूम नाही.

माझे मत असे, की पडदा व खिडकी दोन्ही असलेला कॅमेरा घ्यावा, मग तो वापरलेला का असेना. वापरलेला घेताना खिडकीच्या काचेत बुरशी नाही ना आणि त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते ना, हे आधी पाहावे. खरेदीला एक तरुण मुलगी आणि एक चाळिशी लागलेली बाई अशा दोघींनी भर दुपारी जावे. दुकानाबाहेर उन्हात उभे राहून, चष्म्यासकट डोळा लावून, समोरची पाटी दोघींनीही पाहावी. दोघींना दिसली तरच पैसे मोजावेत.

वर्गणी सर्वांची आहे, तर कॅमेरा सर्वांच्या डोळ्यांना पटणारा हवा. एवढे बोलून मी आपली रजा घेते.