सांगडीवर बसून की पाण्यात उभे राहून?

श्रोतेहो, अमक्याची तमक्याशी सांगड घातली, असं आपण बोलण्यात रोज म्हणतो. पण सांगड ही मूळची नदीवरची वस्तू, बरं का. दोन होड्या, दोन ओंडके, नाहीतर सुके पोकळ भोपळे एकमेकांशेजारी बांधले, की झाली सांगड. आज ज्या नावेविषयी सांगणार आहे ती अमेरिकेतली. तिकडे तिला पाँटून बोट म्हणतात. हवा भरलेल्या दोन लांबट नळ्या, मध्ये धातूची चौकट, चौकटीवर एक बैठक आणि दोन बाजूंना दोन वल्ही. लांबी आठ-नऊ फूट, माणूस एकच. म्हणजे सांगडच की!

या सांगडीवर बसून मासे धरावेत की नदीत स्वतःच्या पायांवर उभं राहून, असा एक वाद तिकडच्या गळवाल्यांत चालतो. वाद शौकीन लोकांचा आहे खरा. पण त्यात पाण्याची वागणूक, माशाची वागणूक आणि माशांच्या पुढच्या पिढीचं मरण-जगणं गुंतलेलं आहे.

आधी हा गळ कसला ते पाहू. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. इथे गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी माशी तयार करतात. ती इतकी हलकी, की फेकली तर पुढे जाणारच नाही. म्हणून दोर जाड आणि वजनदार ठेवतात. काठीच्या झोक्याने दोर फेकायचा आणि त्याच्या टोकाला माशी ओढत न्यायची. ती पाण्यावर पडली की खऱ्या माशीसारखी वाहत गेली पाहिजे. सगळी कला या वाहण्यात आहे.

शिक्षक मित्रांनी हे मुलांना सहज दाखवावं. घोट्याइतक्या पाण्याच्या ओढ्यावर जा. एक पान मोकळं सोडा आणि दुसरं लांब दोऱ्याला बांधून, दोरा हातात धरून सोडा. मोकळं पान धारेबरोबर निघून जाईल. दोऱ्याचं पान थोडं जाईल, मग दोरा ताणेल आणि ते पाणी चिरत आडवं सरकू लागेल. ओढ्याचं पाणी मध्ये वेगाने, कडेला सावकाश चालतं. दोरा दोन्हींवर पडतो, म्हणून ही ओढाताण. मासा हे ओळखतो. पाण्याच्या उलट आडवी चालणारी माशी त्याने कधी पाहिलेली नसते.

सांगडीची सोय इथे कळते. नाव धारेच्या वेगाने वाहते, शेजारी माशीही त्याच वेगाने वाहते. दोराला ताण बसत नाही, आणि एका फेकीत माशी लांबवर सरळ जाते. पाण्यात उभ्या माणसाची माशी मात्र थोड्याच वेळात ताणते, पुन्हा फेकावी लागते.

मग पायी माणसाकडे काय आहे? नदीतला ट्राउट मासा (आपल्याकडे काश्मीर आणि निलगिरीत इंग्रजांनी आणून सोडलेला तोच) धारेकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून येतं. पायी माणूस खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून, पाऊल पाऊल जवळ येऊ शकतो. नाव येते ती वरून, समोरून. शिवाय पायी माणूस एकाच डोहावर तासभर उभा राहतो. कोणत्या दगडामागे पाणी वळतं, कुठे फेस थांबतो, हे त्याला कळतं. नाववाल्याला ती जागा दिसेपर्यंत मागे पडलेली असते.

आणखी एक अडचण. माणसाला हात दोनच! वाहत्या पाण्यात एकट्याने वल्ही सोडून काठी उचलली, की नाव नदीच्या मर्जीवर. वल्हवण्याची रीतही उलटी असते: तोंड खालच्या दिशेला, संकटाकडे, आणि वल्ही मागे ओढून नाव आवरत तिरकी काढायची. जोराच्या धारेत नांगर टाकून थांबणं तर धोक्याचंच. दोर ताणला की पाणी नावेचं एक टोक खाली दाबतं.

ऑरेगॉन राज्यात डेशूट्स नावाची नदी आहे. फ्रेंच लोकांनी ठेवलेल्या या नावाचा अर्थ धबधब्यांची नदी. कॅस्केड डोंगरांत उगम पावून ती उत्तरेकडे जाते आणि कोलंबिया नदीला मिळते. पेल्टन धरणाखाली तिचा शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे 160 किलोमीटरचा पट्टा आहे. तिथे तरत्या साधनावर बसून गळ टाकायला मनाई आहे. नावेने खुशाल जा. मासा धरायचा तर उतरा. त्यामुळे जिथे पाय पोचत नाही ते खोल पाणी माशांना आपोआप आसऱ्याला राहतं. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. नाव वाट चालायला, पाय काम करायला. त्याच नदीवर शेरर्स धबधब्यापाशी वॉर्म स्प्रिंग्जचे मूळ रहिवासी ना नावेत बसतात ना पाण्यात उतरतात. खडकावरच्या लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे काढतात. 1855 च्या करारात त्यांनी हा हक्क राखून ठेवला आहे.

पण पायी जाण्यातही जीवाला धोका आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात निभावतं तेच मांडीभर पाण्यात निभावत नाही. तिकडे लोक छातीपर्यंत येणारी, पाणी आत न शिरू देणारी विजार घालतात, आणि पडल्यावर ती भरू नये म्हणून कमरेला पट्टा आवळतात. हातात काठी असते. वाहून गेलात तर उताणे व्हा, पाय पुढे धारेच्या दिशेला ठेवा, आणि जोराच्या पाण्यात मध्येच उभं राहायला जाऊ नका. पाय दगडांत अडकला की पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. हे आपल्या नद्यांनाही तसंच लागू आहे.

आता पायी माणसाच्या विरुद्धची बाजू, आणि ही फारशी कुणी बोलत नाही. ट्राउटची मादी शेपटीने गोटे-वाळू उकरून त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. त्या गोट्यांवर माणूस चालला तर काय होतं? माँटाना राज्यात रॉबर्ट्स आणि व्हाइट यांनी मुद्दाम तशी घरटी करून त्यांवर चालून पाहिलं. 1992 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. रोज दोनदा चालल्यास अंडी आणि पिल्लं मिळून 96 टक्क्यांपर्यंत मेली. पिल्लं फुटायच्या जरा आधी एकदाच चालल्यावरही 43 टक्क्यांपर्यंत मेली. वरून वाहत जाणाऱ्या सांगडीने यांतलं एकही अंडं दबत नाही.

म्हणून विणीच्या दिवसांत तिकडचा जाणता गळवाला आधी तळ पाहतो. सभोवतालच्या शेवाळलेल्या काळसर गोट्यांमध्ये घासून काढल्यासारखा एक फिकट, स्वच्छ पट्टा दिसतो. वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला उंचवटा. अंडी असतात ती त्या उंचवट्यात. तो दिसला की वळसा घालायचा. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल तर त्या दिवशी उथळ वाळूवर उतरायचं नाही. काठाच्या गवतात उभं राहून फेकायचं, नाहीतर सांगडीवर बसून खालच्या डोहाकडे निघायचं.