रुमालाखालचा भाव



मोबाइलवरून मागवलेल्या किराण्याचा भाव गिऱ्हाइकाला कधी आणि किती स्पष्ट कळला पाहिजे, याबद्दल आज बोलायचं आहे. विषय रोजच्या आमटी-भाताचा आहे, म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

शेतमालाच्या बाजारात एके काळी हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असायचा, पण त्याला काही कळायचं नाही. शेजारच्या ढिगाला काय मिळालं, हे तर नाहीच नाही. वऱ्हाडात कारंजाला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला, पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. उघड लिलाव हे तत्त्व रुजायला अशा कित्येक पिढ्या गेल्या. भाव चारचौघांत बोलला गेला पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे बाहेरून आलेला नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर मोठा बदल १९९० सालचा. तोवर पाकिटावर किंमत असायची आणि पुढे ‘स्थानिक कर वेगळे’. ते कर किती, हे दुकानदार सांगेल तेवढे. मग सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, छापणं बंधनकारक झालं. १ जानेवारी २०१८ पासून आणखी दोन गोष्टी आल्या. एकाच मालावर दोन वेगळ्या एमआरपी छापायला बंदी झाली आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्याने पाकिटावरची आवश्यक माहिती पडद्यावरही दाखवावी, असा नियम झाला.

पण एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे. याहून जास्त देऊ नका, एवढंच ती सांगते. माल स्वस्त की महाग, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी वजन लागतं, आणि खरी गोम वजनातच आहे.

खाद्यतेलाचंच बघा. तेल तापलं की फुगतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे आकड्यांत सांगितलं होतं. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. तेव्हा काही पिशव्यांवर ‘एक लिटर, ६० अंश सेल्सिअसला’ असं बारीक अक्षरात छापलेलं असे. ६० अंशांना तेल आपल्या घरी कधी असतं? फोडणीच्या वेळेपुरतं. लिटर पुरा आणि तेल सुमारे सव्वीस ग्रॅम कमी. म्हणून तापमानाचा उल्लेख न करता लिटरसोबत वजनही छापा, असं कंपन्यांना सांगावं लागलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी, आणि तिची चर्चा फारच कमी झाली. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांना एक दुसरी अनुसूची होती. चहा, बिस्किटं, डाळी, तेल, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरलेल्या मापांतच विकायच्या, असं तिच्यात होतं. २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली. कंपनीला हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली आणि तिच्या बदल्यात गिऱ्हाइकाला एकक किंमत देऊ केली गेली, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतं ते पाकिटावर छापायचं. बदल्यातल्या या हक्काची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलत नेली गेली. आता ती आली आहे, पण अर्धवट. किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमला, किलोच्या वर असेल तर दर किलोला, असा नियम आहे. समजा, ९०० ग्रॅम डाळीवर ‘०.१८ रुपये प्रति ग्रॅम’ छापलंय आणि दीड किलोवर ‘१७२ रुपये प्रति किलो’. कोणती स्वस्त? स्वयंपाकघरात उभं राहून कोण दशांशचिन्ह सरकवत बसणार? जर्मनीने २८ मे २०२२ पासून हा घोळ संपवला. तिथे पाकीट लहान असो वा मोठं, भाव दर किलोला किंवा दर लिटरलाच सांगावा लागतो. आपल्याकडे हे एका दुरुस्तीचं काम आहे. शिवाय पडद्यावर हा दर विक्रीच्या किमतीशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत हवा. चार ठिकाणी बोट लावल्यावर उघडणाऱ्या तपशिलात असला काय नि नसला काय.

सुट्या भाजीला तर एमआरपीच नाही. तिथे हा किलोचा भावच काय तो आधार.

आता मालाच्या भावावर लागणाऱ्या आकारांकडे वळू. दीडशे रुपयांचं दही, लिंबं, कोथिंबीर घेतली. पैसे भरायच्या पायरीवर घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पाऊस असेल तर त्याचं वेगळं. हे पैसे घेऊच नयेत, असं मी म्हणत नाही. भर पावसात जिना चढून येणाऱ्या मुलाला मेहनताना मिळालाच पाहिजे. पण तो आकडा आधी सांगा. २०२० चे ई-कॉमर्स नियम विक्रेत्याला एकूण किंमत एका आकड्यात आणि सर्व आकारांच्या फोडीसह द्यायला सांगतात. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी दिले. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आणि न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, हे दोन्ही त्यांत आहेत. कायदा आहे. तो वापरायची सवय नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला पुढच्या गोष्टीची वाटते. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहक संस्था आणि तिच्या सहकारी संस्थांनी किराणा घरपोच देणाऱ्या इन्स्टाकार्टवरचे भाव तपासले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वॉशिंग्टनमधल्या एकाच दुकानातल्या त्याच डझनभर अंड्यांना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना पाच वेगवेगळे भाव दिसले, ३.९९ डॉलरपासून ४.७९ डॉलरपर्यंत. वैयक्तिक माहिती वापरून भाव ठरवत नाही, असं कंपनीने सांगितलं आणि त्याच महिन्यात भावांचे हे प्रयोग बंद केले. न्यू यॉर्क राज्याने त्याआधीच, १० नोव्हेंबर २०२५ पासून, वैयक्तिक माहितीवरून संगणकाने ठरवलेल्या किमतीशेजारी तसं स्पष्ट लिहिण्याची सक्ती केली होती. आपल्या २०२० च्या नियमांतही एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करू नये, असं वाक्य आहे. पण भेदभाव झाला हे कळणार कसं? दुकानात माझ्यामागे उभा असलेला माणूस माझा भाव ऐकतो. मोबाइलवर मी एकटा असतो आणि रुमाल पुन्हा पडलेला असतो. न्यू यॉर्कसारखी सक्ती आपल्याकडेही हवी, आणि प्रयोग सुरू होण्याआधी हवी.

१९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याची यादी एकत्र भरली आणि आलेला माल आपसांत वाटून घेतला. शेजारणीला जो भाव, तोच मला, हे तिथे आपोआप घडत होतं. आज हे मुद्दाम करावं लागेल. सोसायटीतल्या चार घरांनी एकाच वेळी तीच वस्तू उघडून भाव ताडून पाहा. पैसे भरण्याआधी पडद्याचं छायाचित्र घेऊन ठेवा. आकडा वाढलेला किंवा वेगळा दिसला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.