बॅटरी भरत नाही, तेव्हा
(देवळाली कॅम्प येथील शिक्षकांच्या बैठकीतील भाषण)



देवळाली कॅम्पच्या परिसरातील एखादी खेड्यातील शाळा डोळ्यांपुढे आणावी. छपरावर सौर पॅनेल आहे, वर्गाच्या कोपऱ्यात बॅटरी आहे. परंतु पाठ रंगात यावा तोच पंखा मंदावतो आणि पडदा काळा होतो. "बॅटरी गेली" असा निकाल तत्काळ दिला जातो. तुटपुंज्या अनुदानातून नवी बॅटरी येते आणि काही महिन्यांत तीही पहिलीच्याच वाटेने जाते. दोष पुष्कळदा बॅटरीत नसून तिच्यापर्यंत वीज येण्याच्या वाटेत असतो. नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, हीच शिस्त येथेही पाळावी.

प्रथम पॅनेल पाहावे. त्यातील घट एकामागोमाग जोडलेले असतात. म्हणून एका कोपऱ्यावर निंबाच्या फांदीची सावली पडली, तरी प्रवाह फार घटतो. धूळ सकाळी, पॅनेल थंड असताना, पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. नाशिकचा अक्षांश सुमारे 20 अंश आहे. तेवढ्याच उतारावर पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे.

मग मल्टीमीटर घ्यावा. 12 व्होल्टच्या संचातील पॅनेल सोडवून भर उन्हात मोजले असता 18 ते 22 व्होल्ट दिसावेत. पॅनेलवर दाब आहे, पण कंट्रोलरपाशी नाही, तर तार किंवा फ्यूज तपासावा. कंट्रोलरपाशी 14 व्होल्ट आहेत, पण बॅटरीच्या टोकांवर बरेच कमी, तर टोके सैल किंवा गंजलेली समजावीत. सोडविताना आधी पॅनेल व मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी व मग पॅनेल, हा क्रम चुकवू नये.

शेवटी बॅटरी. शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. 12 व्होल्ट म्हणजे निम्म्याहून अधिक रिकामी. लिथियम बॅटरीस ही मापे लागू नाहीत. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल कधीही नव्हे. बॅटरी अर्धवट रिकामी राहिली, की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिचे आयुष्य सरते.

सर्व ठीक असूनही बॅटरी भरत नसेल, तर हिशेब मांडावा. 100 वॅटचे पॅनेल दिवसाकाठी चार तासांच्या पूर्ण उन्हाइतके चालले, तर 400 वॅट-तास मिळतात; तूट वजा जाता सुमारे 300 उरतात. 75 वॅटचा पंखा पाच तास फिरला, तर 375 खर्च होतात. येथे बिघाड कोठेच नाही. जमेपेक्षा खर्च अधिक आहे. पावसाळ्यात तर जमा आणखी घटते.

भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून खोली हवेशीर असावी, जवळ काडी ओढू नये आणि मुलांना आम्लापासून दूर ठेवावे. मोजमाप शिक्षकाने करावे. रोजचे आकडे वहीत मांडण्याचे काम मात्र सातवीच्या मुलांकडे सोपवावे. त्या वहीतून शाळेचा पैसा वाचेल आणि गणिताला खरे उदाहरण मिळेल.