नागार्जुनाची शून्यता

‘शून्य’ म्हटलें कीं कांहींच नसणें आपल्या मनापुढें उभें राहतें. त्यामुळें माध्यमिक बौद्धांना शून्यवादी म्हणतांच, ‘हे लोक जगच नाकारतात’ असा ग्रह होतो. हा ग्रह आजचा नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या नागार्जुनानें २७ प्रकरणांच्या आपल्या ‘मूलमध्यमककारिकां’त तो स्वतःच पूर्वपक्ष म्हणून मांडला आहे. सर्वच शून्य असेल तर दुःख नाहीं, दुःखाचा निरोधहि नाहीं. मग बुद्धाचा उपदेश कशासाठीं? २४ व्या प्रकरणांतील हा आक्षेप मोठा बिकट आहे.

श्रोतेहो, याचें उत्तर समजण्यासाठीं तंबोरा डोळ्यांपुढें आणा. त्याचा सूर कोठें राहतो? नुसत्या तारेंत नाहीं, भोपळ्यांत नाहीं, छेडणाऱ्या बोटांतहि नाहीं. हीं सारीं एकत्र आलीं म्हणजे तो उमटतो. सूर नाहींच, असें कोण म्हणेल? पण तो स्वतःच्या बळावर उभा आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. कारणांच्या आधारानें होणें याला बौद्ध ‘प्रतीत्यसमुत्पाद’ म्हणतात. आणि नागार्जुनाच्या मतें हीच शून्यता. तींत अभाव आहे तो वस्तूचा नव्हे, तर स्वयंसिद्ध अशा ‘स्वभावा’चा.

आतां तार उतरली आहे असें समजा. बेसूरपणा हा तिचा स्वभावच असता, तर खुंटी कितीहि पिळली तरी ती सुरांत आली नसती. दुःखाचेंहि तसेंच. तें स्वभावसिद्ध असेल तर अटळ आहे. कारणांनीं आलेलें असेल तरच तीं कारणें दूर केल्यानें जाईल. म्हणजे शून्यतेनें बुद्धाचा मार्ग बुडत नाहीं. तिच्यामुळेंच तो चालण्याजोगा होतो.

मग ही शून्यता तरी स्वयंसिद्ध मानावी काय? तेंहि नागार्जुनाला मान्य नाहीं. त्याच्या ‘विग्रहव्यावर्तनी’ची संस्कृत प्रत राहुल सांकृत्यायन यांना १९३६ सालीं तिबेटांत मिळाली. तींत तो म्हणतो कीं, माझें वचनहि शून्यच आहे, तरी तें आपलें काम करतें.

‘स्वभावाला औषध नाहीं’ असें आपण सहज म्हणून जातों, कधीं मुलाबद्दल, कधीं शेजाऱ्याबद्दल, तर कधीं स्वतःबद्दल. शास्त्रांतला ‘स्वभाव’ आणि म्हणींतला स्वभाव अगदीं एक नव्हेत. तरी नागार्जुनानें या म्हणीला मानच डोलावली असती. मात्र पुढें त्यानें इतकेंच विचारलें असतें, ‘पण ज्याला तुम्ही स्वभाव म्हणतां, तो खरोखर स्वभाव आहे काय?’