‘शिकवलं’ म्हणजे नेमकं काय?

दवाखान्यात मी दोन वाक्यं जपून वेगळी ठेवतो : ‘औषध दिलं’ आणि ‘बरं केलं’. पहिलं माझ्या हातात. दुसरं रोग्याला तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. शाळेत मात्र दोन्हींना एकच शब्द, ‘शिकवलं’.

इस्रायल शेफलर यांनी १९६० साली ‘द लँग्वेज ऑफ एज्युकेशन’मध्ये यावरच बोट ठेवलं. शिकवणं हे कधी प्रयत्नाचं नाव असतं, कधी यशाचं. आपली मराठीच घ्या. ‘त्याला पोहायला शिकवलं’ म्हटलं की तो पोहतो, हे तुम्ही धरूनच चालता. ‘अपूर्णांक शिकवले’ म्हटलं, तर फळा भरला एवढंच कळतं. (‘धडा शिकवीन’ ही तर धमकीच!)

सहावीतला एक मुलगा आईनं आणला. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. “डॉक्टर, बाईंनी सगळं शिकवलंय, यालाच येत नाही.” बघा, शब्द प्रयत्नाचा, पण तूट मात्र पोराच्या खात्यावर.

मी विचारलं, “एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश?”

“दोन षष्ठांश.”

अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी! मग विचारलं, “अर्धी भाकरी खाल्लीस, वर चतकोर घेतलीस. किती झाली?”

“पाऊण,” तो लगेच म्हणाला, आणि माझ्याकडे बघतच राहिला.

त्याला येत होतं. फक्त त्याला काय येतं, हे तपासलं कुणीच नव्हतं. पोटाचं औषध मी दिलं. आईला म्हटलं, “बाईंना ‘काय शिकवलं’ विचारू नका, ‘याला काय आलं’ ते विचारा.”